किसणीत अडकलेले पांढरे

मी एक जुनी किसणी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर एकशे बारा भोके आहेत आणि त्यांतली अकरा बुजलेली आहेत. ती कशी बुजली हे सांगताना मला आनंद होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

माझा जन्म पेणच्या बाजारातला. कान्हू नावाच्या पत्रेवाल्याने चांगला जाड पत्रा घेतला, खिळ्याने एकेक भोक पाडले आणि मला सागाच्या चौकटीत ठोकून बसवले. त्याचा खिळा जरा जाड होता, म्हणून माझी भोके मोठी झाली. बायका मला हातात घेत, बोट फिरवून बघत आणि "भरड हाय गो, खोबऱ्याला नाय चालायची," म्हणत खाली ठेवीत. शेवटी हमरापूरच्या विमलबाईने मला उचलले. तिचे नुकतेच लग्न झाले होते. "भोपळा तरी किसला जाईल," असे ती म्हणाली, आणि एवढ्याच कौतुकावर मी तिच्या घरी गेले.

वीसेक वर्षे मी भोपळाच किसला. घारगे करायचे असले की माझी आठवण व्हायची, नाहीतर मी आपली खिळ्याला टांगलेली. घराला लागूनच गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तिथे विमलबाईचा नवरा गोविंदा प्लास्टरच्या गोणी फोडायचा, साच्यात ओतायचा, मूर्ती घासायचा आणि शेवटी डोळे आखायचा. डोळे आखताना तो श्वास रोखून धरायचा. पुढे पुढे त्याला श्वास रोखता येईना. मध्येच खोकला यायचा, कुंचला हलायचा आणि डोळा पुसून पुन्हा आखावा लागायचा.

पेणच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितले, आधी धूळ बंद करा, औषधाचे मग बघू. गोविंदा घरी येऊन म्हणाला, "आमच्या हातांना दुसरं काय येतंय? धूळ बंद तर चूल बंद." विमलबाईने त्याच्या अंगावरची पांढरी धूळ पदराने झटकली. ती मनात काहीतरी ठरवते आहे, हे मला कळले.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिचा चुलतभाऊ शिवा आला. तिचे माहेर खांबचे. शिवा बरीच वर्षे बोटीवर स्वयंपाकी होता आणि आता त्याने खांबला हायवेवर हॉटेल काढले होते. रवा लावून तळलेली कोळंबी आपल्याकडे जागोजागी मिळते. त्याला बोटीवर शिकलेली जपानी पद्धतीची कोळंबी द्यायची होती, वरून कुरकुरीत आणि हाताला हलकी. त्यासाठी लागणारा ब्रेडचा चुरा त्याला हवा तसा कुठे मिळत नव्हता.

"टोस्टची भुकटी नको, ताय," त्याने समजावले. "पांढरा ब्रेड, कडा काढलेला. त्याचा लांबट कीस पायजे. भाजायचा नाय, नुसता सुकवायचा. रंग बदलला की फुकट."

विमलबाईने पहिल्यांदा ब्रेड तव्यावर टाकला. पाच मिनिटांत तपकिरी. दुसऱ्यांदा पाट्यावर वाटला, त्याचे पीठ झाले. शेजारची हौसा दारात उभी राहून हसली. "आपला रवा काय वाईट झाला गो? कोण जपानी येतोय जेवायला? नव्याचे नऊ दिवस." तेव्हा विमलबाईने इकडे तिकडे पाहिले आणि भिंतीवरून मला काढले.

मित्रांनो, ज्या मोठ्या भोकांनी माझे नाव खराब केले होते, तीच उपयोगी पडली. आदल्या दिवशीचा अखंड ब्रेड, चारी बाजूंच्या कडा काढलेला, ती माझ्यावरून अगदी हलक्या हाताने ओढायची. दाबले की लगदा होतो. खाली हलके, लांबट पापुद्रे पडायचे, जाईच्या पाकळ्यांसारखे. मग ते कापडावर पसरून सावलीत सुकवायचे. कडा गोविंदा चहात बुडवून खायचा. "चुरा जपान्यांना, कडा आम्हांला," असे म्हणायचा आणि त्यालाच हसू यायचे. हसले की खोकला यायचा.

शिवाला चुरा पसंत पडला. दर आठवड्याला एस.टी.ने डबे खांबला जाऊ लागले. होळी उलटली तेव्हा विमलबाईने एक दिवस विषय काढला.

"शिवा बारा महिने घेतो म्हणतो. आता तरी शेड बंद करा."

"हा गणपती झाला की बंद," गोविंदा म्हणाला. "मूर्त्या सांगून ठेवल्यात लोकांनी. शब्द दिलाय."

"मग गणपती झाल्यावर एक दिवस पण नाय."

"नाय. तुझी शपथ."

तिने एवढे कबूल करून घेतले. त्या दिवसापासून मी जो ब्रेड किसला तो कोळंबीसाठी नव्हता, गोविंदाला त्या शेडमधून बाहेर काढण्यासाठी होता. मला फार अभिमान वाटत होता.

आषाढ लागला आणि घरात काही सुकेना. ओलसर चुऱ्याला दुसऱ्या दिवशी आंबूस वास यायचा. दोन डबे तिने कोंबड्यांपुढे ओतले. शिवाचा निरोप आला की चुरा थांबवू नको, गिऱ्हाईक लागले आहे. आता मूर्ती बनवणाऱ्या घराला पावसात सुकवण्याची एकच रीत ठाऊक असते. शेडमध्ये ओल्या मूर्तींभोवती ताडपत्री लावून आत विजेचे मोठे दिवे लावतात. ऊब मंद असते, म्हणून मूर्तीला तडा जात नाही. विमलबाईने विचार केला, जी ऊब मूर्ती तडकू देत नाही ती चुऱ्यालाही रंग चढू देणार नाही. विचार अगदी बरोबर होता. चुरा शेडमध्ये सुकला आणि पांढराशुभ्र राहिला.

तिथे जाण्याचे आणखी एक कारण होते. गोविंदा तोंडावरचा फडका सारखा खाली ओढायचा. ती जवळ बसून किसू लागली की त्याला ओढता येत नसे. "फडका वर घ्या," असे ती दर थोड्या वेळाने म्हणायची, आणि तो घ्यायचा. मीही तिथेच, गोणींच्या वरच्या खिळ्याला राहू लागले. गोणी फुटली की पांढरा धुरळा उठायचा आणि सावकाश खाली बसायचा. मूर्तींवर बसायचा, तिच्या केसांवर बसायचा. चुऱ्यावर तिने पातळ कापड टाकले होते, पण पांढऱ्यावर पांढरे कोणाला दिसणार?

एका सकाळी तिने मला धुतले आणि ओलीच टांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी माझी काही भोके बंद होती. तिने सुई आणून टोकरले. आतले पांढरे निघेना. "ब्रेड वाळून बसला वाटतं," ती म्हणाली आणि उरलेल्या भोकांवर किसू लागली. मला कळले होते. ओला ब्रेड दगडासारखा होत नाही, ओले प्लास्टर होते. पण आम्हांला तोंड नसते, नुसते दात असतात.

आठ दिवसांनी शिवा स्वतः आला. त्याने डबा ओटीवर ठेवला, वाटी मागितली, तीत मूठभर चुरा घातला आणि वर पाणी ओतले.

"गिऱ्हाईक थुंकलं, ताय. दाताखाली कचकच. दुसऱ्या टेबलावर पण तेच. अख्खं हॉटेल उठून गेलं."

"चाळून दिलाय रे मी."

"थांब जरा."

चहा होईपर्यंत ती वाटी तशीच राहिली. मग शिवाने वरचा फुगलेला ब्रेड बोटांनी काढला. तळाशी पांढरी खपली धरली होती. त्याने वाटी उपडी केली, खपली पडली नाही. विमलबाईने नख लावले, नख मोडले.

"आता नको पाठवू," शिवा जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझ्यावर राग नाय माझा. पण लोकांच्या पोटात जातंय ते."

विमलबाईने मान हलवली. तिने वाटी हातात घेतली. शेडमधून गोविंदाच्या खोकल्याचा आवाज येत होता. तिने एकदा वाटीच्या तळाकडे पाहिले, एकदा शेडकडे. डॉक्टरांनी उजेडात धरलेल्या फोटोत काय होते ते तिला त्या वाटीत समजले. करायला गेली एक आणि झाले भलतेच. ज्या धुळीतून त्याला सोडवायचे, तीच तिने डब्यात भरून खांबला पाठवली होती.

गोविंदाने ऐकले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "जाऊ दे. शेड हाय अजून." गणपती झाले, विसर्जन झाले, पण शेड बंद झाली नाही. शपथेची आठवण दोघांपैकी कोणीच काढली नाही. डोळ्यांच्या आखणीचे काम सुटले, तो नुसता बसून मूर्ती घासत राहिला. पुढच्या चैत्रात त्याला भिंतीला टेकल्याशिवाय बसता येईना. एक दिवस त्याला चहात बुडवून कड खावीशी वाटली. विमलबाईने मुद्दाम ब्रेड आणवला, कड कापून त्याला दिली. त्याने अर्धी खाल्ली. पांढरा भाग ताटलीत तसाच पडून होता. मी आता पुन्हा घरातल्या खिळ्याला होते; तिने मला काढले नाही. चार दिवसांनी गोविंदा गेला.

आता शेडच्या दाराला कुलूप आहे. विमलबाई हौसाबरोबर पोह्याचे पापड लाटायला जाते. घारगे ती करत नाही. एकदा तिने मला दारात नेऊन उजेडासमोर धरले आणि बुजलेली भोके बोटाने एकेक मोजली. मग मला पुसून पुन्हा टांगून ठेवले.

मित्रांनो, वापरून झाली की किसणी धुवा, कोरडी करा, हे तुम्हांला कोणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. धुण्याआधी तिला उजेडासमोर धरा आणि भोकात काय अडकले आहे ते नीट बघा. तुमच्या घरात कोणी रोज खोकत असेल, तर तिथेही तसेच बघा, आणि अमुक सण झाला की बघू, असे म्हणू नका. माझी अकरा भोके बुजली, तरी एकशे एक उरली आहेत. गोविंदाला छाती एकच होती.