उत्तरेकडच्या फळ्या

गुरुवारी दुपारी पेथरिक नान्स सोन्यासाठी खणलेल्या आपल्या खड्ड्यातून वर आला, तर त्याच्या फळ्यांचा ढीग जागेवर नव्हता. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आतून लावायच्या त्या जाड फळ्या त्याने स्वतः झाडं पाडून, चिरून तयार केल्या होत्या. माग काढत तो युरेका नावाच्या चढावर पोचला. तिथे सरकारविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांनी साऱ्या बॅलरॅट गावातून फळ्या, गाड्या, पिंपं गोळा करून एक वेडंवाकडं कुंपण घातलं होतं. त्याच्या फळ्या उत्तरेच्या अंगाला उभ्या होत्या.

बंडाला त्याचा विरोध नव्हता. सोनं लागो न लागो, खणायच्या परवान्याचे पैसे भरायचे आणि पोलिसाने हाक मारली की खड्ड्यातून वर येऊन तो दाखवायचा, याचा त्यालाही वीट आला होता. आदल्या दिवशी सगळ्यांनी परवाने जाळले तेव्हा तोही निघाला होता. पण त्याच्या बायकोने, लव्हडेने, परवाना पोलक्यात खोचला आणि मुदत संपली की खुशाल जाळा म्हणून बजावलं.

उत्तरेच्या बाजूला फिनबार अहर्न नावाचा आयरिश कप्तान होता. नान्सने फळ्या परत मागितल्या. अहर्न शांतपणे म्हणाला, "ने की. पण मग इथे भगदाड पडणार आणि त्यातून शिपाई घुसणार. त्यांना तू अडवशील का?"

नान्सने विचार करून नाही म्हटलं.

"मग बस इथेच. जिंकलो की घेऊन जा."

नान्स बसला. उठायची सोयच नव्हती, कारण चहाला जळण कमी पडलं की लोकांची नजर कुंपणावर जायची. कुणी जवळ आलं की तो खेकसायचा. रविवार प्रार्थनेचा, त्या दिवशी कोण लढतंय म्हणून शनिवारी बरेचजण आपापल्या तंबूत झोपायला गेले, नान्स मात्र हलला नाही. अशी निष्ठा अहर्नने पाहिली नव्हती. त्याने नान्सला हवालदार केलं.

शिपाई रविवारीच आले, उजाडायच्या आधी. नान्स फळ्यांना कवटाळून पडून राहिला. गोळीबार थांबल्यावर त्याने डोकं वर काढलं, तर दोन हातांच्या अंतरावर अहर्न मरून पडला होता, भाला तसाच मुठीत. नान्सने आपल्या फळ्यांतली सर्वांत रुंद फळी उपसली, अहर्नला तिच्यावर ठेवलं आणि एकट्याने ओढायला लागला. तसाच तो पकडला गेला. पोलिसाने सवयीने आधी परवाना मागितला. परवाना बायकोपाशी आहे म्हटल्यावर राजद्रोहाच्या जोडीला तोही गुन्हा लागला.

न्यायाधीशापुढे पुरावा म्हणून फळ्या आणल्या होत्या. त्या ओळखतोस का, असं न्यायाधीशाने विचारलं.

"माझ्याच आहेत," नान्स म्हणाला. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे तटबंदी तुझी?"

"लाकूड माझं, साहेब. बांधकाम दुसऱ्याचं. तेही भिकार."

लोक हसले. तेवढ्यात लव्हडे उठली आणि सगळ्यांदेखत पोलक्यातून परवाना काढून तिने टेबलावर आपटला. न्यायाधीशाने तो उलटासुलटा करून पाहिला. सरकारविरुद्ध उठलेल्यांत सरकारचे पैसे चुकते केलेला माणूस त्याच्यासमोर पहिल्यांदाच आला होता, आणि त्याला फासावर पाठवलं तर पुढे परवाने कोण काढणार, हे त्याला कळेना. नान्स सुटला. फळ्या सरकारजमा झाल्या.

पुढच्या वर्षी खाणवाल्यांना आपसांतले तंटे सोडवायला स्वतःचं पंचायत-कोर्ट मिळालं आणि लोकांनी उत्तर बाजूच्या या वीराला निवडून दिलं. आपण फक्त लाकूड राखत होतो, हे नान्सने उभं राहून सांगितलं. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मग त्याने अहर्नचं नाव घेतलं आणि तो खाली बसला.

त्याचा खड्डा तोवर ढासळून पाण्याने भरला होता. लव्हडे म्हणाली, "जा तुम्ही कोर्टात. निदान बसायला कोरडी जागा मिळेल."

तो गेला, आणि तीन वर्षं तिथे बसला.