तराफ्यावरचा मिंक

२००६ साली निवृत्त झाल्यावर मी एडिनबराबाहेरच्या एका ओढ्यावर मिंक पकडायचं काम अंगावर घेतलं. मुंगसाएवढा, काळ्याभोर मऊ केसांचा हा प्राणी कधीकाळी फरसाठी इथे आणला, तो निसटला आणि काठच्या दुर्मिळ पाणउंदरांच्या मुळावर उठला, म्हणून आता त्याला मारायचं; म्हणजे चूक माणसांची आणि शिक्षा त्याला. नियम मात्र सगळे दयाळू: रोज सकाळी नऊच्या आत ओढ्यात बांधलेल्या तराफ्यावरचा पिंजरा बघायचा, आत कोणी असेल तर गोणपाट टाकून अंधार करायचा, हळू बोलायचं आणि अंशुमनला फोन करायचा. अंशुमन इथेच जन्मलेला, मराठी जरा अडखळत बोलणारा, हे काम देणाऱ्या निसर्गसंस्थेचा वॉर्डन. मग तो पिस्तूल घेऊन येणार.

पहिला मिंक सापडला तेव्हा मी फोन केला नाही. नाही केला, काय म्हणणं आहे? दार उघडलं, आणि घरातून निघणाऱ्याला म्हणतो तसं तोंडातून गेलं, "ये हं."

दुसऱ्या दिवशी तोच आत होता, डावा कान फाटलेला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच म्हणाले. निघणाऱ्याला 'जा' म्हणायची सवयच नाही ना आपल्याला. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याचं दार पडलेलंच नव्हतं, तरी तो आत बसून होता, आणि खिडकीशी कुणाची वाट बघत उभं राहावं तशा त्याने पुढच्या तारा धरल्या होत्या. त्याची बोटं मला कालच्यापेक्षा लांब वाटली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात अंशुमनची व्हॅन आली. काठावर कुत्रा फिरवणाऱ्या कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"मावशी, मिंक सोडणं इल्लीगल आहे. तुम्ही त्याला काय सांगितली?"

"ये म्हणाले."

"मग तो येणारच ना." वैतागून त्याने पिस्तूल काढलं. "बाजूला व्हा, प्लीज."

"नाही होणार."

मी गुडघे टेकले आणि उजवा हात पिंजऱ्यात घातला. मिंक बोट फोडतो, हे मला अंशुमननेच शिकवलं होतं. हा चावला नाही. त्याने माझी बोटं धरली.

"आता मार. मला लागलं तर लागू दे."

अंशुमन चिखलात वाकला, नेम धरला, आणि बराच वेळ नुसता आत बघत राहिला. मग पिस्तूल खाली आलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "यातला तुमचा हात कुठला?"

मी सांगितलं नाही.