रोह्याच्या कोर्टात शकुनचे काळे हात

त्या दिवशी जुन्या कोंडवाड्याभोवती इतकी गर्दी होती, की भिंतीवर दगड कमी आणि माणसं जास्त दिसत होती. आत एक रोही, म्हणजे शहरातले लोक नीलगाय म्हणतात ते जनावर, आणि त्याच्यासमोर चार बायका. रोही हा न्यायाधीश. निरपराध माणसाच्या हातचा पाला तो खाणार, गुन्हेगाराच्या हातचा नाकारणार. तिघींच्या ओंजळीतला लसूणघास त्यानं मिटक्या मारत संपवला. चौथी शकुन. तिच्या ओंजळीला ओठ लागताच त्यानं मान झटकली आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात शकुनचे हात काळे पडू लागले. आधी निळसर, मग दौतीत बुडवल्यासारखे.

"पाप अंगातून फुटून निघालं," रोहीवाले महाराज म्हणाले. त्यांचं दुकान गेले चार महिने इथंच होतं. हा रोही मागल्या जन्मीचा हायकोर्टाचा जज, इथं तारीख नाही, अपील नाही, वकिलाची फी नाही, फक्त यथाशक्ती दक्षिणा, हे ते दर गुरुवारी न अडखळता ऐकवत.

सरपंच केशवरावांच्या घरून सोन्याची पोत गेली होती. या चौघी आदल्या दिवशी तिथं गहू निवडायला गेल्या होत्या आणि केशवरावांच्या बायकोला, माणिकबाईला, संशय शकुनचाच. तो तिनं महाराजांच्या कानावर आधीच घातला होता. ठराव असा, की रोही जिला नाकारेल तिनं दिवस बुडायच्या आत गाव सोडायचं. शकुनला ना माहेर उरलं ना सासर. माझ्या संत्र्याच्या बागेतली एक खोली, एवढंच तिचं छप्पर.

आता माझी फजिती सांगतो. हा जज मीच नेमला होता. दोन वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेलं हे पिल्लू गावानं वाढवायला घेतलं, तेव्हा मी हॉटेलात चहा पिता पिता ठोकून दिलं, की यानं एका लबाड व्यापाऱ्याच्या हातचा गूळ नाकारला. लोक हसले. पण गोष्ट एसटीत बसून अकोल्यापर्यंत गेली आणि येताना महाराजांना घेऊन आली.

मी पुढं होऊन सगळ्यांसमोर कबूल केलं, की ती थाप होती.

"आबा, तुमी तं खोटंच बोलता," भिंतीवरून कोणी म्हणालं. "मंग ते खोटं होतं हे बी खोटंच."

चाळीस वर्षं माझ्या थापा मिटक्या मारत ऐकलेलं गाव माझं एक खरं वाक्य गिळायला तयार नव्हतं. कोंडवाड्यात तीन जीव अडकले होते, रोही, शकुन आणि मी. फाटकाला आतून कडी नव्हती.

शकुन रडली नाही. काळे हात अंगापासून लांब धरून तिनं मला विचारलं, "आबा, मी कोठी जाऊ?"

मी तिच्या हातांकडे पाहत राहिलो आणि सकाळ आठवली. संत्र्याची पानं पिवळी पडली की झाडाला हिराकस द्यावं लागतं. लोखंडाचा क्षार तो, हिरवट मिठासारखा. सकाळी या चौघींनी माझ्याच बागेत तो उघड्या हातांनी कालवला होता. मग काळे एकटीचेच कसे?

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आचल रोह्याला तपासायला आली होती. हे मी तिच्या कानात सांगितलं. पाल्याला हात लावण्याआधी प्रत्येकीचे हात महाराज स्वतः तीर्थानं धुवून देत. आचलनं त्यांना विचारलं, "महाराज, लोटे दोन काहून?"

"एक गंगा, एक यमुना."

तिघींचे हात गंगेत धुतले होते, शकुनचे यमुनेत. आचलनं यमुनेत बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि लोटा केशवरावांपुढं धरला. त्यांनीही चाखलं.

"हिरडा हाय हा. माही माय पोटासाठी द्यायची."

मग आचलनं दोन ताटल्या मागवल्या आणि एकीत गंगेचं, दुसरीत यमुनेचं तीर्थ ओतलं. माझ्या खिशातल्या पुडीतून चिमूट चिमूट हिराकस टाकलं. गंगा होती तशीच राहिली. यमुनेची शाई झाली.

"ह्या ताटलीनं कोनाची पोत चोरली?" तिनं विचारलं.

महाराज डगमगले नाहीत. हाताचं सोडा, जनावर खोटं बोलत नाही, म्हणाले. आचलनं माणिकबाईला पुढं बोलावलं, यमुनेतल्या पाण्यानं तिचे हात धुतले आणि घास दिला. रोह्यानं वास घेतला, पानं ओठांत धरली, टाकली, आणि पाठ फिरवली.

माणिकबाई शून्य नजरेनं हातांकडे बघत राहिली. "म्हंजे माही पोत म्याच चोरली काय?"

कोणी हसलं नाही.

मग आचलनं सांगितलं. हिरड्यात, बाभळीच्या सालीत, शेंगांत तुरट रस असतो, त्याला टॅनिन म्हणतात. झाड त्यानं आपला पाला वाचवतं. रानात चरणाऱ्या जनावरांना त्याची लहानपणापासून सवय होते. कित्येकांच्या लाळेतच त्या रसाला बांधून टाकणारं काहीतरी असतं. हा कोंडलेला रोही वाढला दुधावर, सरकीच्या ढेपेवर आणि लसूणघासावर. तुरट लागलं की तो तोंड फिरवतो. लोखंडाशी गाठ पडली की तोच रस काळा होतो.

"तो न्याय नाही करून राहिला," ती म्हणाली. "त्याले जेवन आवडलं नाही."

रोही कोंडून ठेवणं गुन्हा आहे, हेही तिनं सांगितलं. वनखात्याच्या दोन गाड्या आल्या. रोही एका गाडीत गेला, महाराज दुसऱ्या गाडीत. रोह्याला बाभूळ खायला शिकवायला बरेच दिवस लागतील म्हणे.

माणिकबाईनं कोंडवाड्याच्या भिंतीजवळच्या झाडाचं एक जंबेरी लिंबू तोडलं, चिरलं आणि शकुनचे हात आपल्या हातात घेऊन चोळू लागली. आंबट रस लागला तशी शाई उतरत गेली. पाप जंबेरीनं निघतं, हे महाराजांनी कधी सांगितलं नव्हतं. शकुन त्या संध्याकाळी बागेतल्या आपल्या खोलीत गेली.

पोत अजून सापडलेली नाही. पोलिसांत तक्रार आहे, जिथं ती पहिल्या दिवशीच जायला हवी होती.

मी थापाड्या माणूस, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हिरडा पाण्यात उकळा, ताटलीत ओता, चिमूटभर हिराकस टाका आणि स्वतः बघा. उद्या कोणी चमत्कार दाखवून एखाद्या बाईकडे बोट केलं, तर तिच्या हातांकडे बघण्याआधी लोटे किती आहेत ते मोजा.