मला बुजवायचा ठराव

मी एक भोक बोलतोय. हसू नका. कार्डिफमधल्या एका हॉस्पिटलच्या स्टाफ हॉलमध्ये, स्टेजच्या तिसऱ्या फळीत माझा मुक्काम आहे. आकार हरभऱ्याएवढा.

माझा जन्म १९८४चा. व्हेलिन्स्की नावाचा थोर रशियन चेलोवादक देश सोडून इकडे आला होता. याच हॉस्पिटलमधल्या डॉ. सुप्रभांनी त्याचा खांदा बरा केला, म्हणून तो इथल्या नर्सेससाठी वाजवायला आला. त्याच सकाळी बातमी धडकली: त्याच्या सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं, त्याच्या ग्रामोफोन रेकॉर्डवरचं नावसुद्धा पुसायला सांगितलं. गुन्हा काय? तुरुंगातल्या एका मित्राच्या बाजूने त्याने पत्र लिहिलं होतं!

चेलो म्हणजे बसून, उभं धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन; त्याच्या बुडाशी लोखंडी टोक असतं. ते टेकवायला केअरटेकरने रबराची चकती पुढे केली. "फ्लोअर नवीन आहे, सर!"

"तिकडे मला पुसतायत," तो म्हणाला. "इथे तरी काहीतरी राहू दे." आणि टोक खसकन फळीत रुतवलं.

दुखलं. पण पुढचा तासभर त्याचा प्रत्येक सूर माझ्यातूनच जमिनीत उतरला. नंतर दहा वर्षं सुप्रभांची लेक रश्मी माझ्यातच टोक रोवून शिकली.

व्हेलिन्स्की वारला. हॉलच्या कमिटीने भिंतीवर त्याची तसबीर लावली, पितळी पाटी लावली, भाषणं ठोकली. आणि त्याच मीटिंगमध्ये मला बुजवायचा ठराव केला! पुसणारे काय फक्त मॉस्कोतच असतात?

आज सकाळी सुताराने पुट्टीचा डबा उघडला. तेवढ्यात रश्मी आली, चेलोचं टोक माझ्यात रोवलं आणि बसली. उठेचना.

"भोकासाठी सत्याग्रह?" कमिटीचे सेक्रेटरी शशिकांतराव खेकसले. "उद्या उंदराच्या बिळाला पाटी लावाल! कुणाची टाच अडकली तर?"

"काका, टेन इयर्समध्ये कोणी पडला नाही. तो भोक राहणार."

"ते भोक, बाळा," सुप्रभा सवयीने म्हणाल्या.

"नाही, आई. तो."

सुप्रभांनी तसबिरीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या लेकीशेजारी बसल्या. "शशिकांतराव, आता मलाही उचला."

रश्मी वाजवतेय. शशिकांतराव घड्याळ बघतायत. डबा उघडाच आहे आणि पुट्टी वरून वाळायला लागलीय.

थांबू नकोस, पोरी. अजून थोडा वेळ.