बाटलीवरची पट्टी

तिसऱ्यांदाही शीर सापडली नाही तेव्हा मोठ्या सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. सात महिन्यांची पोर, छाती भात्यासारखी हलत होती आणि रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

“औषध कधीपासून बंद आहे?” त्यांनी आईला विचारलं.

“बंद कुठं? सासूबाई देतात ना दोन्ही वेळचं. मी सकाळी सातला कारखान्यात जाते ती रात्री आठलाच येते. रिकाम्या बाटल्या तुम्हीच तर बघता.”

ते खरं होतं. दर महिन्याला रिकामी बाटली पाहायची, मगच भरलेली द्यायची, हा सिस्टरांचा शिरस्ता. या विभागात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. पूर्वी एचआयव्ही घेऊन जन्मलेलं बाळ आजारी पडलं की मग औषध सुरू व्हायचं, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. आता सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेत आणि निदान होताच औषध सुरू करत. अशी वाचलेली पोरं दप्तर पाठीवर घेऊन सिस्टरांना भेटायला येत. ही पोरही त्यांनी मनातून त्यांच्यातच धरली होती.

पहिल्या दिवशी आईनं गयावया केली होती, “घरी कळलं तर आम्हा दोघींना दारात उभं करणार नाहीत.” तेव्हा सिस्टरांनीच बाटलीवरचं लेबल भिजवून काढलं, कोरी पट्टी चिकटवली आणि ठळक अक्षरात ‘टॉनिक’ लिहिलं. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती. त्यांनी ती कितीतरी आयांना शिकवली होती आणि आजवर कधी अंगाशी आली नव्हती.

त्या बाहेर बाकावर बसलेल्या आजीकडे गेल्या.

“टॉनिक होय?” आजी ओशाळली. “दोन महिने झाले, नाही देत. कडू जहर हो ते. घोट गेला की ओकायची. अंगानं तर छान भरली होती, म्हटलं कशाला जिवाला त्रास? सुनेला वाईट वाटायला नको म्हणून रोज तेवढं मोरीत ओतायचे. तिला सांगू नका हं.”

सिस्टरांना आधी तिच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणत्या तोंडानं? पोर गुटगुटीत झाली की टॉनिक कोणीही सोडतं. खरं सांगितलं असतं तर याच म्हातारीनं घड्याळ लावून पाजलं असतं. नाहीतर पोरीसकट सुनेला बाहेर काढलं असतं. यातलं काय झालं असतं ते आता कोण सांगणार?

डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं, ऑक्सिजन वाढवला, आणि ‘फार उशीर झाला’ एवढंच सिस्टरांना नजर चुकवत सांगितलं. दुपारी चारला पोर गेली.

आजीनं रडता रडता सिस्टरांचा हात धरला. “खरं सांगा बाई, मी ते टॉनिक बंद केलं, म्हणून तर नाही ना गेली?”

सून मागेच उभी होती. तिला हे आताच कळत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“नाही हो आई,” सूनच म्हणाली. “टॉनिकनं काय होतंय?”

म्हातारी तिच्या गळ्यात पडली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सिस्टरांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.