मे महिन्याचं पान

सुलाबाईंनी पाकीट उजव्या डोळ्याजवळ नेलं. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदू काढून चार दिवस झाले होते. पाकिटावर मनमाडच्या रेल्वे कचेरीचा शिक्का होता. खाली टाइप केलेलं नाव, श्रीमती छाया भारत गांगुर्डे, आणि त्याखाली त्यांच्याच इंदिरानगरच्या घराचा पत्ता.

"या नावाचं इथं कुणी राहत नाही," त्या म्हणाल्या आणि पाकीट परत दिलं.

पोस्टमन बुधानं वर पाहिलं. जिन्यावरच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. कठड्यावर लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता.

"मग मशीन कोण चालवतंय बाई, भूत?"

सुलाबाई हसल्या नाहीत.

"रजिस्टर आहे," बुधा आवाज उतरवून म्हणाला. "सही ताईंचीच लागेल. हाक मारतो ना."

"घर माझं आहे. मी सांगते ते लिहा."

त्यानं सायकलच्या सीटवर पाकीट टेकवून लाल पेनानं दोन शब्द लिहिले. मग वर न बसता ती ढकलतच कोपऱ्यापर्यंत गेला.

आत येऊन सुलाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मेचं पान उचललं. पानाच्या मागच्या कोऱ्या जागेत त्या घरातल्या नोंदी ठेवत. सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यामुळे तारखेशिवाय काही लिहायची सवय नव्हती. त्यांनी लिहिलं: ९ मे १९९७. छाया गां. मनमाडचं रजिस्टर. इथं राहत नाही सांगून परत.

कोर्टात कधी लागलं तर नोंद असावी, असं वकिलांनी सांगून ठेवलं होतं. सासऱ्यांच्या मळ्यात विहिरीजवळ एक खोली होती. तिथल्या भाडेकरूनं आधी पोस्टाची पत्रं मागवली, मग त्या पत्त्यावर रेशनकार्ड काढलं, आणि एकोणीस वर्षं दावा चालला. दावा चालू असतानाच सुलाबाईंचे यजमान गेले. मळ्याचे प्लॉट पडले तरी ती खोली आणि तिच्याभोवतीचा तुकडा सुटला नाही. म्हणून आता करार अकरा महिन्यांचाच. छायाचा तीस एप्रिलला संपला होता, नवा एक जूनपासून व्हायचा होता. मधल्या महिन्यात कागदावर वरची खोली रिकामी होती. म्हणजे आपण खोटं बोललो नाही, असं त्यांनी स्वतःशी दोनदा म्हटलं.

बारा वाजता छाया खाली आली. साबणानं हात धुतले, बाटली हलवली.

"वर बघा काकू. आणखी वर. हां, मिटा आता."

डॉक्टरांनी थेंबानंतर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायला सांगितलं होतं. दिवसातून चार वेळा, सहा आठवडे. छाया घड्याळाखाली उभी राहून ती मिनिटं मोजायची. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं एक रेघ ओढायची आणि म्हणायची, "उघडा."

तिनं सांगेपर्यंत सुलाबाई डोळे उघडत नसत.

बारा जूनला छाया मनमाडला गेली आणि संध्याकाळी परत आली. चप्पल काढून ती दाराशीच बसली. आठ वर्षांची सायली तिच्या पाठीला टेकून उभी होती.

"भारत गेला, त्याच्या रेल्वेतल्या जागेवर मला घेणार होते, काकू. दोन वर्षं झाली अर्ज करून. त्याचंच बोलावणं होतं. वीस मेला हजर व्हायचं होतं." ती थांबली. "पाकीट तसंच परत गेलं. वर लाल अक्षरात लिवलंय, राहत नाही. माझं नाव यादीतून काढलं."

सुलाबाईंनी काळा चष्मा काढून पदरानं पुसला.

"टपाल देवळाली कॅम्पला, तुझ्या भावाच्या पत्त्यावर मागवायचं ठरलं होतं आपलं."

"हो ना. पण अर्जात राहता पत्ता मागितला होता. खोटा कसा लिवू? तुम्हाला इचारलं नाय, ते चुकलंच माझं."

"मग आता?"

"साहेब चांगला हाय. म्हनला, मे महिन्यात तू तिथंच राहत होतीस असं मालकिणीच्या हातचं आण. सोळा तारखेच्या आत आणलंस तर फाइल परत वर पाठवतो. नंतर नाय जमणार." तिनं सायलीला पुढं घेतलं. "चार ओळी लिवून द्या काकू. बुधाला इचारलं तर खाली बघून निघून गेला. त्याच्या नावानं तक्रार करणार हाय मी."

सुलाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मे महिन्याचा करार नाही आपला."

"करार नाय. पण मी तर हितंच होते."

"कागदावर नव्हतीस. तसं लिहून दिलं तर सलग राहिल्याचा पुरावा होतो. मी आधी एकदा पोळले आहे, छाया."

"मी कशाला तुमची खोली धरून बसू? नोकरी लागली की क्वार्टर मिळंल मला."

सुलाबाईंची नजर कॅलेंडरकडे गेली.

"मग मे महिन्यात मी कुठं होते, काकू?"

बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली. सायली भांडं घेऊन धावली. छाया उठली. वर जाईल असं वाटलं, पण ती मोरीकडे वळली. साबणानं हात धुतले. फडताळातून बाटली काढून हलवली.

"वर बघा."

थेंब गार होता.

"मिटा."

सुलाबाईंनी डोळे मिटले. पेन्सिलीची रेघ ऐकू आली. मग छायाचा आवाज, जरा हलका झालेला.

"काकू, तुम्ही नका लिवू. हे मे महिन्याचं पान नेते मी. रोजच्या चार रेघा हायत यावर, माझ्या हातच्या. शिवाय तुमच्या डॉक्टरची चिठ्ठी. साहेबाला दाखवते."

"छाया, ते..." सुलाबाईंचा हात वर गेला आणि हवेतच राहिला.

जूनचं पान सरकल्याचा आवाज झाला. मग पान फाटलं, सावकाश, वरच्या पत्र्याच्या पट्टीलगत, कोपरासुद्धा जाऊ नये अशा बेतानं. कागदाची एक घडी पडली. ती पुन्हा उलगडली, आणि कागद उलटल्याची सळसळ झाली.

मग काहीच ऐकू आलं नाही.

घड्याळ चालू होतं. दाराशी सायली दूध घेऊन आली आणि "आई" म्हणाली.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. सुलाबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, छाया "उघडा" म्हणायची वाट बघत बसून राहिल्या.