पत्र्याच्या आतली मेहमुदा

मी एक जुना पत्र्याचा यंत्रमानव आहे. खरं सांगायचं तर मित्रांनो, यंत्र माझ्यात कधी नव्हतंच. आत एक मुलगी होती. तिच्याविषयीच मला बोलायचं आहे.

१९८६ साली शिवाजी पेठेत हुसेनभाईंनी मला घडवलं. ट्रंका आणि बादल्या करणारे ते कारागीर. एक दिवस मुंबईचे एक दिग्दर्शक त्यांच्या दुकानात आले. पूर्वी टीव्हीवर गाजलेली 'काचेचं गाव' ही मालिका ते आमच्या गावातल्या स्टुडिओत नव्यानं करत होते. आकाशात श्रीमंतांचं काचेचं गाव आणि तिथं धुणीभांडी करणारे यंत्रमानव, अशी ती गोष्ट. नव्या मालिकेत मात्र शेवटी कळणार होतं, की ही यंत्रं नव्हेतच. ही खालच्या वस्तीतली गरीब माणसं. त्यांची तोंडं दिसू नयेत म्हणून वरच्यांनी त्यांना पत्र्यात बंद केलेलं.

नटानं अंगावर घालायचा यंत्रमानवाचा पोशाख म्हणून हुसेनभाईंनी मला बेतलं, पण जरा अरुंदच. स्टुडिओतला एकही नट आत मावेना. तेव्हा त्यांची मुलगी मेहमुदा सहज म्हणून आत शिरली. एकोणीस वर्षांची, काटकुळी. ती चार पावलं चालली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऐन उन्हाळ्यात दोन महिने तिनं माझ्या आत काम केलं. दिव्यांपुढे मी तव्यासारखा तापायचो. तिच्या कोपरांना फोड आले. पण दिग्दर्शकांनी शब्द दिला होता, "शेवटच्या भागात मुखवटा उघडेल आणि सगळा देश तुझा चेहरा बघेल." त्या शब्दावर ती उभी राहायची.

शेवटच्या दिवशी मुंबईहून एक नावाजलेली नटी आली. ती आत बसावी म्हणून माझी पाठ कापली.

"आणि मी?" मेहमुदानं विचारलं.

दिग्दर्शकांनी नजर चुकवली. "लोकांना ओळखीचा चेहरा लागतो, बाळ."

काम संपल्यावर मला हुसेनभाईंना देऊन टाकलं. माझी कापलेली पाठ पाहून त्यांनी विचारलं, तर मेहमुदा म्हणाली, "वारा लागावा म्हणून कापली, अब्बा." दुसरं काय सांगणार? ते आधीच गल्लीभर सांगून आले होते, "रविवारी माझ्या पोरीचं तोंड टीव्हीत दिसणार हाय!"

रविवारी सकाळी शेजारच्या झुंबरबाईंच्या घरी, पुढच्या सोप्यात, सगळी गल्ली जमली. हुसेनभाईंनी मला कौतुकानं टीव्हीशेजारी उभं केलं. शेवटचा भाग लागला. पडद्यावर मुखवटा उघडला. त्या नटीचा चेहरा दिसला.

"अगं बया, ही कोण?" झुंबरबाई म्हणाल्या. "आमची मेहमुदा कुठाय?"

"आतच हाय की, मावशी," मेहमुदा म्हणाली.

कुणीच हसलं नाही. मग नावं सरकत गेली. त्यातही ती नव्हती.

हुसेनभाईंनी मला खांद्यावर घेऊन दुकानात आणलं. मागोमाग मेहमुदा आली.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही लई खूश हुता, अब्बा."

बराच वेळ ते माझ्या कापलेल्या कडांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "एकदा घाल बघू." ती आत शिरली. त्यांनी स्वतःच्या हातानं माझा मुखवटा उचलला. आत तिचे गाल ओले झाले होते.

"दिसलं," ते म्हणाले. "मला दिसलं की गं."

त्यानंतर मला कुणी अंगावर चढवलं नाही. गरिबांचं दुःख मांडलं म्हणून मालिकेचं मोठं कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. मेहमुदाचं लग्न होऊन ती चंदगडला गेली. पुढच्या हिवाळ्यात हुसेनभाई वारले. मी माळ्यावर गंजत पडलो.

मित्रांनो, माझ्या गंजाचं मनाला लावून घेऊ नका. पत्रा गंजायचाच. जपायचं ते माणसाला. कधी चंदगडला गेलात आणि मेहमुदा भेटली, तर तिला टीव्हीचं काही विचारू नका. बरं आहे ना, एवढंच विचारा. आणि ती बोलायला लागली, की तिच्या तोंडाकडे बघून ऐका.